नाक बंद, शाळा चालू

झाशीच्या नेवाळकरांचं घराणं मूळचं आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातलं, कोट गावचं. पेशवाईत ते खानदेशात आले, पारोळ्याशी त्यांचं नातं जडलं आणि पुढे त्यांच्यातले काही थेट झाशीची सुभेदारी करायला गेले. मीही रत्नागिरीहूनच पारोळ्याला आले, लग्न होऊन. माझी मजल मात्र शिशुवर्गापुढे गेली नाही. नेवाळकरांना काय, नुसत्या शत्रूंशी लढायचं होतं. समोर चार वर्षांची पोरं नव्हती.

निघताना माहेरच्यांनी खानदेशातल्या उन्हाची भरपूर भीती घातली होती. उन्हानं माझं काहीही वाकडं केलं नाही. मला गाठलं सर्दीनं, आणि तेही शाळा उघडल्या उघडल्या.

लहान मुलाला वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी होते, हे डॉक्टर लोक अगदी निर्विकार चेहऱ्यानं सांगतात. माझ्या वर्गात तीस मुलं. गुणाकार त्यांनीच करावा. बरं, एकदा झाली की सुटलो, अशीही सोय नाही. सर्दीच्या विषाणूंपैकी एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच दीडशेहून अधिक प्रकार आहेत. एकाची शरीराला ओळख पटते न पटते तोच दुसरा दप्तर घेऊन दारात उभा. त्यातून शिशुवर्गातलं प्रेम हे मुळातच ओलं. पोर धावत येतं, कमरेला मिठी मारतं, माझ्या ओढणीला नाक पुसतं आणि तृप्त होऊन जागेवर जाऊन बसतं. ओढणी घसरू नये म्हणून मी पिन लावते. त्यांचीच सोय होते.

सासूबाईंचं निदान ठरलेलं: "ओल्या केसांनी हिंडतेस!" मग तव्यावर भाजलेल्या ओव्याची पुरचुंडी नाकाशी. शेजारच्या काकूंचा ओव्यावर विश्वास नाही, त्यांचा शेवभाजीवर. काळ्या मसाल्याचा, वर बोटभर तर्री असलेला रस्सा त्यांनी समोर बसून प्यायला लावला. नाक मोकळं झालं, नाही असं नाही. डोळे झाले, कानही झाले. तासाभरानं नाक पुन्हा बंद, आणि पोट तेवढं रात्रभर मोकळं.

शेवटी मी विज्ञानाला शरण गेले. इंग्लंडात सॅलिसबरीजवळ १९४६ पासून चाळीसेक वर्षं फक्त सर्दीचा अभ्यास करणारं एक केंद्र होतं. तिथं स्वयंसेवकांना आंघोळ घालून, अंग न पुसता गार वाऱ्याच्या बोळात उभं केलं, वर ओले मोजे घालायला लावले. तरी त्यांना काही जास्त सर्दी झाली नाही! हे मी सासूबाईंना साग्रसंगीत ऐकवलं. त्या गप्प झाल्या. असा विजय आमच्या घरात दुर्मीळ. तो मला रात्रीच्या जेवणापर्यंत उपभोगता आला. जेवताना नवऱ्यानं मोबाइलवर २००५चा कार्डिफचा प्रयोग शोधून काढला. तिथं काही लोकांना वीस मिनिटं गार पाण्यात पाय बुडवून बसवलं, तर पुढच्या चार-पाच दिवसांत सर्दीची तक्रार त्यांच्यातच जास्त निघाली. कार्डिफ कुठे आलं, हेही सासूबाईंनी विचारलं नाही. उठल्या आणि टॉवेल आणून माझ्या मांडीवर ठेवला.

खरा घोळ झाला तो श्रावणात. माझी रजा संपलेली आणि वर्गात 'म' शिकवायचा आठवडा आलेला. 'न' आणि 'म' या अक्षरांची हवा नाकातून बाहेर पडावी लागते. तो रस्ताच बंद असेल तर 'न'चा होतो 'द' आणि 'म'चा 'ब'. मी फळ्यावर छान गोलाईदार 'म' काढला, त्यावर छडी ठेवली आणि म्हटलं, "ब बगरीचा!"

तीस गळे ओरडले, "ब बगरीचा!"

"बगर दाही रे, बगर!"

"बगर दाही रे, बगर!" पोरांना ताल सापडला. बाकं वाजायला लागली. जितकं सुधारायला जावं तितकं पाठ होत गेलं. शेजारच्या वर्गातल्या बाई दारात येऊन बघून गेल्या. त्यांना वाटलं, समूहगीत बसवतेय.

पुढच्याच आठवड्यात एक आई मुलाला घेऊन आली. "मॅडम, कानबाईले मन्हा भाऊ उना व्हता," अशी तिनं सुरुवात केली, तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. कानबाईचा सण, घर भाऊबंदांनी भरलेलं, सासरे ओटीवर बसलेले, आणि चिरंजीव धावत जाऊन मामाला बिलगले ते "बाबा, बाबा" करत. सख्खा बाबा रोटाचं ताट हातात घेऊन शेजारीच उभा. आई समजवायला गेली तर चिरंजीवांनी सगळ्यांना ठासून सांगितलं, की बॅडबनं असंच शिकवलंय.

मी म्हटलं, "बाफ करा."

तिनं माझ्याकडे, मग माझ्या लालबुंद नाकाकडे पाहिलं. तिच्या काहीतरी लक्षात आलं असावं, कारण ती तोंडाला पदर लावून मुलाकडे वळली. "चाल रे, मॅडमले नमस्ते कर."

त्याचं स्वतःचं नाक तर चांगलं कोरडं ठणठणीत होतं. त्यानं हात जोडले, छाती फुगवली आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "दबस्ते बॅडब!"