७१ फेऱ्यांची सोय

पाच नगरपालिका आणि पाच नगरपंचायती एकत्र करून २०२१ साली चेन्नईजवळची तांबरम महानगरपालिका झाली. वॉर्ड ७०, झोन पाच. ही जोडणी सरकारने निदान उघडपणे केली. सॉफ्टवेअरच्या धंद्यात मात्र दोन टेबलांची जोडणी, म्हणजे जॉइन, कुणाच्या नजरेस पडू नये अशी व्यवस्था करतात आणि तिला सोपेपणा म्हणतात.

तांबरमच्या मेप्झमध्ये, म्हणजे १९८४ सालच्या निर्यात प्रक्रिया क्षेत्रात, आता सॉफ्टवेअर कंपन्याही आहेत. तिथे नोकरीला लागलेल्या एखाद्या मराठी पोराला हे ७० वॉर्ड त्यांच्या झोनच्या नावासकट स्क्रीनवर दाखवायला सांगा. एसक्यूएल ही डेटाबेसची भाषा तो परीक्षेपुरती शिकलेला. तो एसक्यूएल न लिहिता डेटाबेस वापरू देणारं जँगो उघडतो, वॉर्डांवर लूप फिरवतो आणि लिहितो, वॉर्ड डॉट झोन डॉट नाव. जॉइन नाही, ऑन नाही, काही नाही. कोड रिव्ह्यूला सगळे माना डोलावतात.

खाली काय चाललंय? वॉर्ड आणायला एक क्वेरी, मग प्रत्येक वॉर्डाचा झोन विचारायला एकेक. एकूण ७१. झोन पाचच, पण जँगो दर वेळी नव्याने विचारतो. एसक्यूएलअल्केमी ही तसलीच दुसरी लायब्ररी सेशनमध्ये एकदा आलेला झोन लक्षात ठेवते, तिचं सहावर भागतं. चेन्नई बीच स्टेशनवरून तांबरमला सत्तर माणसं आणायला सत्तर लोकल सोडायच्या आणि गर्दी कशी नाही म्हणून मिरवायचं, तसला हा कारभार.

उपाय एका शब्दाचा आहे. जँगोत सिलेक्ट-रिलेटेड लिहिलं की एकाच क्वेरीत सगळं येतं, कारण ती क्वेरी जॉइन करते. म्हणजे जॉइन लिहावा लागू नये म्हणून जी लायब्ररी घेतली, तिलाच जॉइन कर म्हणून सांगायचं. ते कधी सांगायचं, हे ज्याला जॉइन येतो त्यालाच कळणार!

माहिती आत कशी रचली आहे याची उठाठेव वापरणाऱ्याला करावी लागू नये, म्हणून संगणकशास्त्रज्ञ कॉडने १९७० साली रिलेशनल मॉडेल मांडलं. त्यातून पुढे एसक्यूएल आलं, त्यावर जँगो-एसक्यूएलअल्केमीसारखं ओआरएम चढलं, आणि आता ओआरएममधले जॉइन सोपे करायचे चाललेत.

वेळ गेला तर सर्व्हर मोठा घेता येतो. खरी गंमत पुढे आहे. झोन अजून न नेमलेला वॉर्ड यादीत राहावा की नाही? हा खरं तर महापालिकेचा प्रश्न. एसक्यूएलअल्केमीत नुसतं जॉइन लिहिलं तर तो इनर होतो आणि तो वॉर्ड मुकाट्याने गळतो. झोनच्या रकान्यात नल, म्हणजे रिकामी जागा, चालतो असं मॉडेलमध्ये लिहिलेलं असेल, तर जँगोचं सिलेक्ट-रिलेटेड लेफ्ट जॉइन लावतं आणि वॉर्ड वाचतो. दोन्हीकडे कोड सारखाच गोंडस, क्वेरीत एररही कुठे नाही. पण ६९ वॉर्डांची यादी छापून गेली, तर सत्तराव्या वॉर्डाचा नगरसेवक काही डॉक्युमेंटेशन वाचत बसणार नाही.