पुढे जागा आहे ना!

"ब्रेक का मारलात?"

हा प्रश्न मला मागून ठोकणाऱ्यानं विचारला. कर्वे पुतळ्याच्या सिग्नलला मी गाडीतून उतरून मागचा बंपर किती आत गेलाय ते वाकून बघत होतो. तोही उतरला. माझ्या बंपरकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही, स्वतःच्या बंपरवरून अंगठा फिरवला आणि उशिरा आलेल्या पोराला मास्तरांनी विचारावं तसं हे विचारलं. आवाजात राग नव्हता. माझ्या भल्यासाठीच विचारत असावा.

"सिग्नल लाल होता," मी म्हणालो.

"अहो, आत्ताच झाला होता!"

हे मात्र माझ्या लक्षात यायला हवं होतं. आपल्याकडे लाल दिवा लागल्या लागल्या लागू होत नाही. तो लोणच्यासारखा मुरावा लागतो. पहिले तीन सेकंद तो कच्चा लाल, त्यातून निघून जायचं असतं. मी कच्च्या लालला थांबलो. एव्हाना दोन-चार पंच जमले होते. त्यातल्या एका गृहस्थांनी हेल्मेट कोपराला अडकवलं होतं, कारण कोपर हा नाजूक अवयव आहे. त्यांनी माझ्या गाडीच्या पुढे जाऊन पुढच्या रिक्षापर्यंतचं अंतर पावलांनी मोजलं. चार पावलं भरलं. परत येऊन त्यांनी निकाल दिला.

"काका, चूक तुमची आहे. पुढे जागा होती ना!"

मला काका म्हणणाऱ्या या गृहस्थांचे केस माझ्याहून पांढरे होते, पण ते असो. त्यांचा मुद्दा असा होता की ज्या अर्थी मी पुढे दहा फूट जागा सोडली त्या अर्थी मी पुढे जाणार, असंच मागचा माणूस समजणार. जागा असून न जाणं ही फसवणूक आहे. ठोकणारा "बघा, मीही तेच म्हणतोय" म्हणाला. उसाच्या रसवाल्यानंही मान डोलावली. शेवटी मीच "सॉरी" म्हणालो आणि घरी आलो.

तेव्हापासून ती दहा फूट जागा माझ्या डोक्यातून जात नाही.

रिकामी जागा बघवत नाही हा आपला जुना आजार आहे. प्लॉट रिकामा दिसला की त्यावर पत्रे पडतात, फूटपाथ रिकामा दिसला की टपरी येते, सोसायटीच्या जिन्याखाली कोपरा उरला की तिथे कुणाची तरी १९९४ सालची सायकल येऊन उभी राहते. मुंबईच्या लोकलनं तीन जणांच्या बाकाला चौथी सीट दिली ती याच कळकळीनं. मग चालत्या रस्त्यावर, भर गर्दीत, कुणीही न राखलेली, कंपाउंड नसलेली, सातबारावर नाव नसलेली दहा फूट जागा कोण सोडेल? दोन गाड्यांमधलं सुरक्षित अंतर हा आपल्या दृष्टीनं एनए झालेला मोकळा प्लॉट आहे, आणि तो अडवून बसणारा काका हा विकासातला अडथळा.

ही जागा नेमकी कशासाठी असते, याचा थोडा हिशेब मी घरी बसून केला. ताशी ५० किलोमीटर वेगानं गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते. पुढचा ब्रेक लाल दिसणं, ते डोक्यात शिरणं आणि पाय ब्रेकवर जाणं, यात चांगल्या सावध माणसाचाही एक-दीड सेकंद जातो. म्हणजे ब्रेक दाबायच्या आधीच १४ ते २१ मीटर संपले. आपल्या छोट्या गाड्या चार मीटरच्या आत असतात, तशा पाच गाड्या एकामागे एक लावल्या तर एवढं अंतर होतं. थांबण्यासाठी लागणारं अंतर अजून मोजलेलंच नाही. आता तो माझ्या मागे किती ठेवून होता? फार तर चार फूट. त्या वेगाला चार फूट संपायला सेकंदाचा दहावा भागही लागत नाही. एवढ्या वेळात पापणीसुद्धा धड मिटत नाही. पण त्याला पापणी मिटायची गरजच नव्हती, तो मोबाइल बघत होता.

नियम नाही असं नाही. पुढची गाडी अचानक मंदावली किंवा थांबली तरी टक्कर होणार नाही इतकं अंतर ठेवा, असं १९८९ च्या रस्त्याच्या नियमांत स्वच्छ लिहिलं होतं. २०१७ मध्ये नवे नियम आले, त्यांतही अंतराला जागा मिळाली. कागदावर आपण जागा सोडण्यात कधीच कंजुषी केली नाही.

दुसऱ्या आठवड्यात मी एक प्रयोग केला. कर्वे पुतळा ते नळ स्टॉप, पुढे कायम दहा फूट सोडून गाडी चालवायची आणि त्या दहा फुटांत कोण कोण राहायला येतं ते मोजायचं. सतरा जण आले. रिक्षा पाच. पाठीवर कपाटाएवढी चौकोनी पिशवी घेतलेली पोरं चार. एक शाळेची व्हॅन. एक पाण्याचा टँकर, जो दहा फुटांत कसा मावला हे भूमितीच्या शिक्षकांनी सांगावं. एक स्कूटरवाल्या बाई तर काही काम नसताना आत आल्या, मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि निघून गेल्या. लग्नात एकट्यानं दोन खुर्च्या अडवून बसलेल्या माणसाकडे बघतात तसं पाहिलं. प्रत्येक जण घुसला की मी इमानेइतबारे पुन्हा दहा फूट मागे राहत होतो. हेच आणखी तासभर केलं असतं तर नळ स्टॉपऐवजी वारज्याला पोचलो असतो.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर हाच माणूस मोठा होऊन भेटतो. तिथे त्याच्याकडे डिप्पर असतो. मी शंभरनं चाललोय, तिथली मर्यादाच शंभर आहे, डावीकडे ट्रकची रांग आहे, पुढे गाडी आहे, तिच्यापुढे गाडी आहे, पार खोपोलीपर्यंत गाड्या आहेत. आणि हा आरशात. आरशात म्हणजे अक्षरशः आरशात, त्याच्या नाकावरचा चष्मा कुठल्या फ्रेमचा आहे ते सांगता येईल इतका आत. अप्पर, डिप्पर, अप्पर, डिप्पर. मी काय करावं अशी त्याची अपेक्षा आहे? उडावं? समजा, सगळ्यांनी दरीत उड्या टाकून त्याला वाट दिली. हा रस्ता साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा. शंभरऐवजी एकशेवीसनं, घाटात साठची पाटी असते ती न वाचता, कुठेही न थांबता तो सगळा कापला, तर वाचतात साडेनऊ मिनिटं. ही साडेनऊ मिनिटं घेऊन तो फूड मॉलमध्ये जातो आणि बटाटावड्याच्या रांगेत पंधरा मिनिटं उभा राहतो. मला माहीत आहे, कारण तिथेही तो माझ्या मागेच असतो. मानेवर त्याचा श्वास लागतो. पुढच्या माणसात आणि माझ्यात हातभर अंतर पडलं की खांद्यावर बोट येतं: "काका, सरका ना, पुढे जागा आहे."

(बोगद्यात चारही इंडिकेटर लावून चालणाऱ्यांबद्दल मी आज बोलणार नाही. त्यांच्यावर स्वतंत्र लेख लिहायचा आहे आणि तो संपादक छापणार नाहीत.)

या चिकटण्यानं गर्दी पुढे सरकत नाही, उलट तुंबते, हे जपानमध्ये २००८ साली काही शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. २३० मीटर परिघाचं एक गोल रिंगण आखलं, त्यात २२ गाड्या सोडल्या आणि सांगितलं, ताशी तीसच्या आसपास एकसारखं चालवत राहा. सिग्नल नाही, खड्डा नाही, गाय नाही, कुणाचा वाढदिवस नाही. तरी थोड्या वेळानं कोंडी झालीच. एक जण पुढच्याच्या जरा जास्त जवळ गेला, त्यानं ब्रेक दाबला, मागच्यानं थोडा जास्त दाबला, त्याच्या मागच्यानं आणखी जास्त, आणि शेवटी कुणीतरी चक्क उभाच राहिला. मग ती कोंडी ताशी वीसच्या आसपास वेगानं मागे मागे सरकत राहिली.

हा प्रयोग पुण्यात करायला हवा होता असं मला फार वाटतं. २३० मीटरमध्ये २२ गाड्या म्हणजे दोन गाड्यांमध्ये साधारण सहा मीटर. सहा मीटर! पहिल्या मिनिटातच गाड्या बावीसच्या पन्नास झाल्या असत्या, कारण रिंगण नवीन झालंय म्हणजे कुठेतरी निघत असेल, अशी बातमी पसरली असती. तिसऱ्या मिनिटाला एक जण राँग साइडनं आत शिरला असता आणि शास्त्रज्ञांनी अडवल्यावर म्हणाला असता, "इथंच जायचंय, पुढच्या कोपऱ्यावर." अहो, रिंगणाला कोपरा नसतो. "मग यू-टर्न किती लांब आहे बघा ना!" मग मागच्या काचेवर वाघ लावलेली एक पांढरी गाडी आली असती आणि तिनं ओव्हरटेक सुरू केले असते. एक गाडी मागे टाकली, दोन टाकल्या, डावीकडून चार, उजवीकडून सहा, एकाचा आरसा उडवला, एकाला आईवरून काहीतरी सांगितलं, शेवटच्या गाडीला कट मारून तो मोकळा झाला, काच खाली करून विजयानं थुंकला आणि समोर बघतो तर पहिली गाडी. तीच. तिलाही डिप्पर. आपण सगळ्यांत पुढे आहोत की सगळ्यांत मागे, हे त्याला कुणी सांगायचं? सांगून पटलं असतं का? रात्री अकरापर्यंत तो तिथेच फिरत राहिला असता, घरून फोन आला असता, "कुठे आहेस?" आणि हा म्हणाला असता, "पोचतोच आहे, पुढे एक बावळट चालवतोय." एव्हाना आतल्या बाजूला भेळेच्या दोन गाड्या आणि पंक्चरवाला बसला असता, आणि बसलाय म्हटल्यावर त्याच्यापुढे उभी राहिलेली डबल पार्किंगची रांग. जपानी लोकांनी वह्या मिटल्या असत्या.

नवले पुलाच्या उतारावर मात्र मला हसू येत नाही. नव्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडलं की रस्ता लांबच लांब खाली उतरत जातो. चार पैशांचं डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणारे ड्रायव्हर तिथे आहेत, त्यांना जे म्हणायचं ते मी म्हणतोच. पण माल भरलेला एखादा शहाणा ट्रकवाला खालच्या गिअरमध्ये, पुढे चांगली शंभर-दीडशे फूट जागा सोडून येत असतो ना, त्याची ती जागा कोण खातं? आपण खातो. कारवाले. सुशिक्षित, हप्ता भरणारे, मुलांना रांगेत उभं राहायला शिकवणारे. त्या ट्रकच्या नाकासमोर गाडी घालतो आणि पुढे गर्दी दिसली की ब्रेक मारतो. तीस-तीस टनांचं धूड मागे असताना! तो बिचारा पुन्हा मागे राहतो, पुन्हा दुसरा घुसतो. २०२२ च्या नोव्हेंबरात त्याच उतारावर एका रात्री एका अवजड वाहनानं चाळीसहून अधिक गाड्यांचा चुराडा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी तिथून गेलो. काचांचा चुरा कडेला तसाच पडला होता. आणि माझ्या मागे चार फुटांवर एक जण हॉर्न वाजवत होता. त्याच्याही पुढे, माझ्या डाव्या अंगाला, एक स्कूटर होती. पुढे उभं राहिलेलं पाच-सहा वर्षांचं पोर, गणवेश, गळ्यात पाण्याची बाटली, हेल्मेट नाही. मी घाबरून दचकून ब्रेक दाबला असता तर मागचा उजवीकडे वळला असता की डावीकडे? याचा विचार त्यानं केला होता का? मेल्या, कशाची घाई आहे तुला? कुठे पोचायचंय? साडेनऊ मिनिटं हवीत ना, ये माझ्या घरी, माझी घेऊन जा, मी निवृत्त माणूस आहे, माझ्याकडे पडून आहेत!

तर बंपर. गाडी गॅरेजला नेली. तिथल्या पोरानं मागचा बंपर बघून आकडा सांगितला तेव्हा मी टेकायला खुर्ची शोधली. मग तो सवयीनं पुढे गेला, वाकला, पुढच्या बंपरवरून हात फिरवला, पुन्हा फिरवला आणि आत हाक मारली, "शेठ, जरा बाहेर या." शेठ आले. दोघांनी मिळून पाहिलं.

"काका, गाडी किती सालची?"

"अकरा वर्षं झाली."

"पुढचा बंपर ओरिजिनल आहे?"

"हो."

"एकदाही बदलला नाही?" शेठनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "गाडी चालवत नाही का तुम्ही?"

त्यांना माझी दया आली असावी. बिलावर सूट दिली नाही, पण मागच्या काचेला एक स्टिकर फुकट लावून दिला: 'कृपया सुरक्षित अंतर ठेवा'. जागा थोडी होती म्हणून अक्षरं अंमळ बारीक आली.

काल कर्वे पुतळ्याच्या सिग्नलला थांबलो होतो. पुढे दहा फूट. आरशात बघितलं तर मागची गाडी हळूहळू पुढे सरकत होती. चार फूट, तीन फूट, दोन. चालवणाऱ्यानं स्टिअरिंगवर छाती टेकवली होती, डोळे बारीक केले होते, आणि त्याचे ओठ हलत होते. वाचत होता.