दप्तरदार

महसूल खात्यात हयात घालवून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या गृहस्थाच्या ताब्यात घरातील छायाचित्रांचा संग्रह आला, म्हणजे त्या संग्रहाची जी अवस्था होते तिला सुव्यवस्था म्हणावे की स्थानबद्धता, याचा निर्णय धुळ्यातील आमच्या आळीला अद्याप करता आलेला नाही. असे संग्रहरक्षक गावोगाव असतात. आमच्या आळीतल्याला घरची माणसे आबा म्हणतात. आम्ही, अर्थात त्यांच्या माघारी, दप्तरदार म्हणतो. छायाचित्रे पाहण्यासाठी असतात असा इतरेजनांचा समज आहे. आबांच्या मते ती मोजण्यासाठी असतात. त्यांच्या संगणकावर पद्मालयाच्या सहलीच्या फोल्डरलाही 'मौजे पद्मालय, तालुके एरंडोल, प्रसंग सहल, नग ११२' असे नाव आहे. ज्या गावी इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली वारले आणि त्यांनी वणवण करून जमविलेल्या कागदांसाठी पुढल्याच वर्षी संशोधन मंडळ उभे राहिले, त्या गावच्या माणसाला दप्तर राखण्याचे व्यसन असायचेच, हे आम्ही समजू शकतो. मात्र राजवाड्यांना ते कागद वाचण्याचीही सवय होती.

जळगावी राहणाऱ्या चिरंजीवांनी नवा संगणक घेतला आणि "आबा, सगळे फोटो इकडे आणा, तो जुना डबा भंगारात द्या," असा निरोप धाडला. डब्यातली एक्स्पी प्रणाली खुद्द कंपनीने ८ एप्रिल २०१४ रोजी सेवानिवृत्त केली होती, पण आबांनी आपल्या अधिकारात तिला मुदतवाढ दिलेली. 'भंगार' हा शब्द कानी पडताच त्यांनी मला बोलावून घेतले व रॉबर्ट गिलची कैफियत ऐकविली. या गोऱ्या अधिकाऱ्याने १८४४ पासून वर्षानुवर्षे अजिंठ्याच्या लेण्यांत बसून भित्तिचित्रांच्या नकला केल्या, त्या लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या आणि १८६६ च्या आगीत त्यांतील बहुतेक भस्मसात झाल्या. पुढे ग्रिफिथ्सने विद्यार्थी हाताशी धरून नव्याने नकला उतरविल्या, तर त्यांतल्याही पुष्कळशा १८८५ साली लंडनलाच जळाल्या.

"गिलसाहेब भुसावळात मातीआड झाला, नकला तिकडे जळाल्या, आणि मूळ चित्रे कुठे आहेत? फर्दापूरला उतरा आणि पाहून या!" आबा विजयी मुद्रेने म्हणाले. सबब, जळगावचा संगणक ही नक्कल, धुळ्याचा तो अस्सल, आणि अस्सल जागचा हलणार नाही, असा ठराव झाला.

नक्कल करण्याचे काम तीन रात्री चालले. एकेक फोल्डर उघडावे, आतले सर्व निवडावे, बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवावे आणि वहीत खूण करावी. शिल्लक वेळ म्हणून संगणक बारा मिनिटे सांगे, मग पाच तास सांगे, मग एकदम चाळीस सेकंद. "आणेवारीसुद्धा इतकी खालीवर होत नाही," असा शेरा आबांनी मारला, आणि आणेवारी त्यांच्याइतकी जवळून कोणी पाहिली असेल! चौथ्या दिवशी बंडीच्या आतल्या खिशात ती डिस्क ठेवून ते एस.टी.ने पारोळा, एरंडोल करीत जळगावी पोहोचले. सूनबाईंनी भरीत-पुरीचा बेत केला होता; पण रुजुवात झाल्याखेरीज आबा पानावर बसेनात. अस्सलात नग ११,२१६. नकलेत ११,१४२. तूट ७४. भरीत निवून गेले, आणि दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या गाडीने आबा धुळ्यास परत आले.

फोल्डरेही नेमकी ७४ च होती, म्हणजे प्रत्येक प्रसंगातून एकेक नग फरारी! दुरुस्तीवाल्या पोराला पाचारण झाले. त्याने लपविलेल्या फायली दिसतील अशी काही कळ फिरविली, आणि सर्व फोल्डरांतून एकच इसम बाहेर पडला: 'थम्ब्स डीबी'.

आबा चष्मा पुसून पडद्याजवळ सरकले. मुंजीला डी. बी., लग्नाला डी. बी., पद्मालयाला डी. बी.; पंधरा वर्षांत घरचे एकही कार्य या गृहस्थाने चुकविलेले नव्हते. त्यांनी स्वयंपाकघराकडे वळून विचारले, "अहो, हे डी. बी. तुमच्याकडचे का?"

"आमना माहेरमा डीबी नावना कोनीच नही," आतून उत्तर आले, "तुमनाच कचेरीना व्हई!"

ही फाईल म्हणजे लहान चित्रे चटकन दिसावीत यासाठी संगणकाने आपली आपणच केलेली साठवण आहे, पुसली तरी छायाचित्रांना ढळ लागत नाही, असे त्या पोराने परोपरीने सांगितले. परंतु दप्तरात कागद आपोआप निर्माण होतो, हे ज्याने हयातभर बाकीच्यांना नाकारले, तो स्वतः कसे मान्य करील? शिवाय थम्ब म्हणजे अंगठा, हे आबांना पक्के ठाऊक. आणि निशाणी डावा अंगठा असली की खाली दोन साक्षीदार लागतात, हेही. एक साक्षीदार म्हणून मी सही केली. दुसरी सही त्या पोराची घेतली. त्याला आपण कशाखाली सही करतो आहोत हे बहुधा शेवटपर्यंत कळले नाही.

पुढल्या सोमवारी चौऱ्याहत्तर अंगठे जळगावास रवाना झाले. 'अस्सल बरहुकूम खरी नक्कल' असे शीर्षक असलेल्या यादीत त्यांच्यासाठी स्वतंत्र पान आहे, आणि त्या पानावर शेऱ्याच्या रकान्यात, प्रत्येक नगासमोर, आबांच्या वळणदार अक्षरात लिहिले आहे: 'प्रसंगी हजर, परंतु छायाचित्रात आढळून येत नाही.'