कोणतेही कारण नसताना धावण्याबाबत

प्रति,
परदेशातील दीर्घ वास्तव्यानंतर देऊळघाट (ता. व जि. बुलढाणा) येथे परतलेले व्यायामनिष्ठ गृहस्थ

महोदय,

परमुलखात गेलेल्या माणसाला तेथील रीतिभाती अनोळखी वाटून जी अस्वस्थता येते, तिला मानववंशशास्त्रात ‘सांस्कृतिक धक्का’ म्हणतात. आणि तोच माणूस स्वगृही परतल्यावर त्याला स्वतःचेच गाव परके वाटू लागले, तर त्या अवस्थेला ‘उलटा सांस्कृतिक धक्का’ असे नाव आहे. जॉन आणि जीन गलाहॉर्न या अभ्यासक दांपत्याने १९६३ मध्ये असे मांडले की, परदेशगमनापासून पुनरागमनापर्यंतच्या मनःस्थितीचा आलेख इंग्रजीतील डब्ल्यू या अक्षरासारखा दिसतो, म्हणजे त्यात एक खड्डा तिकडे लागतो आणि दुसरा घरी आल्यावर. महोदय सध्या दुसऱ्या खड्ड्यात आहेत. पैनगंगेकाठच्या रस्त्याने अंधारात धावताना आणखीही खड्डे लागतात, ते मात्र या सिद्धांतात मोजलेले नाहीत.

महोदयांची मुख्य तक्रार अशी की, ते धावत असताना शेताकडे निघालेला प्रत्येक दुचाकीस्वार गाडी हळू करतो, ‘काय झालं भाऊ, कोणाले दवाखान्यात नेलं काय?’ अशी चौकशी करतो आणि उत्तराची वाट न पाहता ‘बसा, सोडून देतो’ म्हणतो. ज्या शहरात महोदय वर्षानुवर्षे धावले, तेथे शेजारून जाणाऱ्याने नुसती मान हलवली तरी पुष्कळ झाले असे मानले जात असल्यामुळे, हा प्रश्न त्यांना खासगी आयुष्यातील लुडबुड वाटला असावा. वस्तुतः वऱ्हाडातील खेड्यात धावणे ही बातमी असते: बैल सुटला, एसटी निघून चालली किंवा कोणाची प्रकृती बिघडली, यांपैकी काही घडल्याखेरीज प्रौढ माणूस पळत नाही, आणि पळणाऱ्याला एकटे टाकून पुढे जाणे येथे माणुसकीला सोडून मानले जाते. तेव्हा भडक रंगाचे बूट घालून, घामाघूम होऊन, निघाला तेथेच परत येणारा माणूस पाहून गावाला काळजी वाटली, तर त्यात गावाचे अज्ञान शोधणे रास्त नव्हे.

गाव धावत नसले, म्हणून ते बसून असते असे नाही. आरोग्यशास्त्र ‘शारीरिक हालचाल’ आणि ‘व्यायाम’ यांत भेद करते: स्नायूंनी ऊर्जा खर्च करून केलेले कोणतेही चलनवलन ही हालचाल, आणि तंदुरुस्ती हाच हेतू धरून आखणीपूर्वक, पुनःपुन्हा केलेली हालचाल म्हणजे व्यायाम. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांची मध्यम हालचाल सांगितली असून, तीत कामाची, प्रवासाची आणि घरकामाची हालचालही धरली आहे. म्हणजे निंदणाला, डवरणीला किंवा सोयाबीनच्या सोंगणीला गेलेल्या मजुराचा आठवड्याचा हिशेब बहुधा पहिल्याच दिवशी पुरा होतो, फक्त त्याची नोंद कोणाच्या मनगटावर होत नाही. महोदयांच्या मनगटावरचे घड्याळ ज्या दहा हजार पावलांसाठी त्यांना रात्री जेवणानंतर अंगणात फेऱ्या मारायला लावते (घरातील वडीलधारे त्या फेऱ्यांना शतपावली समजून समाधान मानतात), तो आकडाही १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकल्या गेलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून रूढ झाला.

एवढ्यावरून गाव निर्दोष ठरते असे नाही. बांधापर्यंत फटफटी पोचली आहे, आणि मधुमेहाचे निदान झालेल्या दुकानदारालासुद्धा कोपऱ्यावरच्या चहासाठी गाडीच लागते. लोकांनी थोडे चालावे, हे महोदयांचे म्हणणे बरोबर असून ते मान्य करायला गाव मात्र तयार होत नाही.

महोदयांनी सुटकेसमधून आणलेल्या पोलादी गदेविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. गदेसारखेच फिरवायचे आखाड्यातील मुद्गल ब्रिटिश लष्करी लोकांनी एकोणिसाव्या शतकात येथून विलायतेला नेले, तेथे त्यांना ‘इंडियन क्लब’ हे नाव मिळाले आणि ते फिरवण्याची स्पर्धा १९०४ व १९३२ च्या ऑलिम्पिकमध्येही झाली. बुलढाण्यासारख्याच वऱ्हाडातल्या अमरावतीत १९१४ मध्ये स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके तेथील प्रेक्षकांपुढे केली होती. अशा मुलखात परतून, जोर-बैठकांना नवी इंग्रजी नावे देऊन गावातील तरुणांना त्या शिकवणे म्हणजे आजोळी जाऊन आजीला भाकरी थापायला शिकवणे होय; फरक इतकाच की, येथे आजीही थापायचे विसरत चालली आहे आणि आखाड्याची माती ओली करायला कोणी उरत नाही.

महोदयांसोबत परतलेल्या त्यांच्या पत्नीची तक्रार याहून गंभीर असून त्या तक्रारीची थट्टा करता येत नाही. परदेशात पहाटे एकट्या धावणाऱ्या या बाईंना येथे सोबत शोधावी लागते, पोशाख बदलावा लागतो आणि शेवटी गच्चीवरच फेऱ्या माराव्या लागतात. डोक्यावर भारा घेऊन शेतातून कोसभर चालत येणाऱ्या बाईला गावात कोणी अडवत नाही; तेवढेच अंतर रिकाम्या हातांनी, केवळ स्वतःच्या शरीरासाठी चालणाऱ्या बाईला मात्र कारण विचारले जाते. येथे धक्का गावाला बसायला हवा.

तरी विनंती अशी की, गाडी हळू करणाऱ्याला नुसता हात दाखवून महोदयांनी पुढे पळू नये. कानातले इअरफोन काढून क्षणभर थांबावे, घरी सर्व ठीक आहे एवढे सांगावे आणि मग हवे तितके धावावे. बाई सोबत असतील तर बाईंनी थांबण्याचीही गरज नाही.

कळावे,
ग्रामस्थ, देऊळघाट