बारदान वजा जाता

जालन्याच्या माणसाला वजनाचं भय घालू नये. इथल्या एमआयडीसीत भंगार वितळवून सळया निघतात त्या टनावर, मोंढ्यात तूर-सोयाबीन येतं ते क्विंटलवर, आणि 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून जरा ताठ मानेनं फिरणारी आमची मोसंबी, तीही टनाच्याच भावानं जाते. एक कपाशीचं बियाणं काय ते ग्रॅमात. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण ज्यानं पाडली त्यानं पाळणा आधी काट्यावर चढवून पाहिला असणार. अशा गावात पंधरा किलो हा आकडा कुणी हिशोबात धरत नाही. लग्नाच्या पंगतीत तेवढी बुंदी वाढप्यांच्या हातून सांडते.

विमान कंपन्या मात्र धरतात.

लेक बेंगळुरूला असते. जावयांनी तिकिटं काढून मोबाइलवर पाठवली, माझं आणि हिचं एकत्र, मामांचं ऐनवेळी ठरलं म्हणून वेगळं. मामा म्हणजे माझे सख्खे मामा. वय शहात्तर, घर अंबडला, हयात गेली जालन्याच्या मोंढ्यात एका आडतीवर मुनिमकी करण्यात. काटकुळा देह, जाड भिंगांचा चष्मा, आणि दिसेल ती वस्तू हातात घेऊन वजन सांगायची खोड. पणतीला पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेव्हा बाकीचे ती कुणावर गेलीय ते बघत होते. मामा म्हणाले, “दोन-सहाशे.” दवाखान्याच्या कागदावर दोन किलो सहाशे वीस होतं. वीस ग्रॅम दुपट्याचे, असं मामांचं म्हणणं.

निघायच्या आदल्या दिवशी आमच्या घराचं गोदाम झालं होतं. कुरडया, पापड, शेवया, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, लोणचं, तूप, घरची तूरडाळ, ज्वारीचं पीठ, सुकं खोबरं आणि मोसंबी.

“बेंगळुरूत तूरडाळ मिळत नाही का गं?” मी विचारलं.

“मिळते. आपली मिळत नाही.”

संध्याकाळी लेकीचा फोन आला. “आई, पंधरा किलो हं! एकेकाला पंधरा. वर हातात सात.” हिनं “हो हो” म्हटलं आणि फोन ठेवून लोणच्याची दुसरी बरणी भरायला घेतली. मामांनी मनातल्या मनात तिघांची बेरीज केली. “पंचेचाळीस. म्हंजे अर्धा क्विंटलबी नाही. काय इमान हाय का सायकल?”

आमच्याकडून विमान पकडायचं तर छत्रपती संभाजीनगरला, चिकलठाण्याच्या विमानतळावर. हा विमानतळ जालना रोडवरच आहे, त्यामुळे तो आपलाच, शेजाऱ्यांनी सांभाळायला घेतलाय, अशी आमची समजूत. पन्नासेक किलोमीटर. मामांनी टॅक्सीचा भाव ऐकला आणि एसटीचा रस्ता धरला. एसटीचं गणित त्यांना तोंडपाठ. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट 2022 पासून प्रवास फुकट, बायकांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट. म्हणजे तीन माणसांचं मिळून दीड तिकीट. “फाटकाजवळ उतरवा,” म्हटल्यावर कंडक्टरनं आमच्या बॅगांकडे, मग पोत्याकडे आणि मग मामांच्या धोतराकडे पाहिलं. “इमानाला चाल्ले? एसटीनं?” बदनापूर, करमाड, शेंद्रा असा रस्ताभर तो मागं वळून आमच्याकडे कौतुकानं बघत होता.

आत शिरल्या शिरल्या पहिला खोळंबा झाला तो खोबऱ्यानं. यंत्रातून बॅग गेली, परत आली, पुन्हा गेली. तपासणीवाल्यानं विचारलं, “कोपरा है क्या?” ही म्हणाली, “नाही हो, कोपऱ्यात चटणी आहे.” त्याला सुकं खोबरं म्हणायचं होतं. खोबऱ्यात तेल भरपूर, ते चटकन पेट घेतं, म्हणून मार्च 2022 पासून विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात त्याला बंदी आहे. अर्धा किलो वाट्या बाहेर काढाव्या लागल्या. टाकून देणं मामांच्या धर्मात बसत नाही. त्यांनी खिशातल्या अडकित्त्यानं तिथंच तुकडे करायला सुरुवात केली, तर अडकित्ताही बाहेर ठेवावा लागला. मग वाट्या हातानं फोडून मामांनी सगळ्या रांगेला वाटल्या. दिल्लीला निघालेल्या एका सुटाबुटातल्या गृहस्थांनी तुकडा कपाळाला लावून खाल्ला.

खरा खेळ काउंटरवर. काउंटरवरची मुलगी मराठीच होती. तिनं माझी बॅग पट्ट्यावर ठेवायला सांगितली तोच मामा आडवे आले.

“थांब लेकरा. आधी रिकामा काटा दाखव.”

तिनं दाखवला. लाल अक्षरात शून्य पूर्णांक शून्य. मामांनी वाकून, चष्मा कपाळावर चढवून, खात्री केली.

“आता शिक्का दाखव.”

“कसला शिक्का काका?”

“वजनमापवाल्यांचा. दर साली काटा तपासून शिक्का मारावा लागतो. कायदा हाय.”

कायदा आहे, हे खरं. मोंढ्यातला काटा असो की सोनाराचा, पडताळणीच्या शिक्क्याशिवाय वापरता येत नाही. मागं रांग वाढली होती. तिनं मुकाट्यानं यंत्राच्या बाजूला बोट केलं. शिक्का होता, चालू सालचा होता. मामा एकदम नरमले. मोंढ्यात शिक्का दिसला की वाद संपतो. “चढव रे,” ते मला म्हणाले.

माझी बॅग 19.4. हिची 18.1. मामांचं पोतं 12.5. एकूण पन्नास.

“काका, वीस किलो जास्त होतायत.”

“पंचेचाळीस फुकट ना? मग पाच.”

तिनं पडद्यावर पाहिलं. “या तिघांतल्या एका तिकिटावर सामान नाहीये. फक्त हातातली बॅग.”

ते तिकीट मामांचं निघालं. जावयांनी सगळ्यात स्वस्त दिसलं ते घेतलं होतं. अशी तिकिटं विकायला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, म्हणजे डीजीसीएनं, फेब्रुवारी 2021 मध्ये परवानगी दिली. सामान नको, भाडं कमी. ज्यांना नुसती लॅपटॉपची पिशवी घेऊन सकाळी जाऊन संध्याकाळी परतायचंय त्यांच्यासाठी उत्तम सोय. लेकीच्या घरी निघालेल्या मराठवाड्यातल्या माणसासाठी नाही. मामांना हा तिढा काही केल्या सुटेना. “एसटीत मी फुकट आन् पोतंबी माझ्यासंगं. हितं माझे पैसे घेतले, तरी माझं पोतं परकं?”

जादा वजनाचा दर किलोला साडेपाचशे. वीस किलोंचे अकरा हजार. एवढ्यात मामा बेंगळुरूला जाऊन, परत येऊन, पुन्हा जाऊ शकले असते.

मग मामांनी शेवटचं अस्त्र काढलं. “ठीक हाय. बारदान वजा कर.”

“काय वजा करू?”

“बारदान! पोत्यातला माल तोलतात तवा पोत्याचं वजन वजा धरतात. ही बॅगच साडेचार किलोची हाय. माल पंधराच्या आत भरतो का नाही बघ. आन् माझं पोतं खताचं हाय, धुतलेलं. सव्वाशे ग्रॅम.”

माझ्या मते त्या दिवशी विमानतळावर बोललं गेलेलं सगळ्यात शहाणं वाक्य हेच. मोंढ्यातला व्यापारी शेतकऱ्याला किती नाडतो यावर मी पूर्वी तावातावानं लिहिलेलं आहे, पण बारदानाच्या वजनाचे पैसे तो शेतकऱ्याकडून घेत नाही. इथे चाकं, हँडल, कुलूप आणि अस्तर यांचं विमानभाडं आपण भरतो. पंधरातले साडेचार किलो घरातून निघतानाच संपलेले असतात. मुलगी हसली, पण यंत्रात तसं बटण नव्हतं.

आम्ही बाजूला होऊन फरशीवर बसलो. चकचकीत फरशीवर बॅगा उघड्या पडल्या आणि अर्ध्या विमानतळाला काळ्या मसाल्याचा वास सुटला. ही एकेक डबा काढून छातीशी धरायची आणि पुन्हा आत ठेवायची. मामा पोत्याची सुतळी दातानं सोडवत होते. तेवढ्यात त्यांना या दराचं मूळ हवं होतं, म्हणून मी सांगत बसलो. युरोपात रायनएअरनं 2006 मध्येच बॅगांचे वेगळे पैसे सुरू केले होते. अमेरिकेत 2008 साली खनिज तेल पिंपाला दीडशे डॉलरच्या जवळ गेलं, तेव्हा अमेरिकन एअरलाइन्सनं पहिल्या बॅगेला 15 डॉलर लावले. बाकीच्यांनी थोडे दिवस नाकं मुरडली आणि मग री ओढली. तेल पुढं उतरलं.

“आन् फी?” मामा.

“नाही उतरली.”

“चढलेली आडत कधी उतरती का?”

2023 मध्ये अमेरिकी कंपन्यांनी नुसत्या बॅगांवर सात अब्ज डॉलरच्या वर कमावले. बॅगा फुकट नेण्याची जाहिरात करणाऱ्या साउथवेस्टनंही मे 2025 मध्ये ते व्रत सोडलं. आपल्याकडे 2016 मध्ये डीजीसीएनं जरा दया दाखवली होती. पंधरा ते वीस किलोंच्या मधल्या वजनाला किलोमागं शंभर रुपयांच्या वर घ्यायचे नाहीत, असा हुकूम काढला. कंपन्या कोर्टात गेल्या. 2017 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं तो हुकूम रद्द केला. तिथून पुढं शंभराचे किती झाले ते आमच्यासमोर फरशीवर पसरलं होतं.

“आन् रेल्वेत?” ही मधेच म्हणाली. रेल्वेत स्लीपरला चाळीस किलो मोफत, एसी फर्स्टला सत्तर. हा नियम कुणाला ठाऊक नाही, कारण आमच्या डब्यात आजवर कुणी काटा घेऊन आलेलं नाही.

मामांनी खिशातून पेन्सिल काढली आणि बोर्डिंग पासच्या पाठीवर रीतसर पट्टी मांडली. तूरडाळ तीन किलो, किंमत साडेचारशे. भाडं सोळाशे पन्नास. वजा जाता बाकी उणे बाराशे. “डाळ परत,” त्यांनी निकाल दिला. अशी पट्टी मी आधी वर्तमानपत्रात पाहिली होती. फेब्रुवारी 2023 मध्ये सोलापूरच्या बाजारात बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं 512 किलो कांदा विकला. गाडीभाडं, हमाली, तोलाई कापून त्याच्या हाती पडला दोन रुपयांचा चेक, तोही पुढच्या तारखेचा. आमची डाळ त्या मानानं सुखरूप घरी जाणार होती.

ज्वारीचं पीठही परत. कुरडयांवर मात्र वाद झाला. कुरडई हा वजनाला काहीच नसलेला आणि जागा सगळी खाणारा माल. ती पोत्यात राहिली. मसाल्यावर चर्चाच नव्हती. तो राहणार नसेल तर मीही राहीन, असं हिनं जाहीर केलं. मोसंबी निघाली आणि हातातल्या पिशव्यांत, माझ्या जाकिटात, मामांच्या बंडीच्या चारही खिशांत गेली. मुकुंदवाडीहून बहिणीचा मुलगा मोटरसायकलवर येऊन डाळ-पीठ घेऊन गेला. शेवटी चार किलो जास्त उरले. त्यांचे बावीसशे हिनं स्वतःच्या पाकिटातून मोजले आणि पावती नीट घडी करून ठेवली. जावयांना दाखवायला, हे मी ओळखलं.

विमानात मामांच्या शेजारी एक धिप्पाड गृहस्थ आले. बसताना त्यांनी मधला दांडा वर केला आणि मामांच्या सीटचा तिसरा हिस्सा ताब्यात घेतला. मामांनी त्यांच्याकडे वरून खाली एकदाच नजर टाकली.

“एकशे बारा,” ते माझ्या कानात म्हणाले. “मी अठ्ठेचाळीस. दोघांचं भाडं एकच. मला त्या काट्यावर काऊन नाही उभं केलं? माझ्यासंगं पोतं धरलं असतं तरी ह्यांच्याहून पन्नास किलो कमीच भरलो असतो.”

मी त्यांना सामोआचं सांगितलं. प्रशांत महासागरातल्या त्या देशात सामोआ एअर या छोट्या कंपनीनं 2013 च्या सुमारास माणूस आणि सामान एकत्र तोलून किलोवर तिकीट द्यायला सुरुवात केली होती. जगभर हसू झालं. मामा मात्र हसले नाहीत. “खरा मोंढा तो,” म्हणाले, आणि खिशातली दोन मोसंबी काढून एक शेजाऱ्यांना दिलं. एकशे बारांनी ते सोलून निम्मं मामांना परत केलं. तिथून बेंगळुरूपर्यंत दोघं शेतीवर बोलत होते. त्यांचं मूळ गाव परतूर तालुक्यात निघालं.

उतरल्यावर पोतं आलं, शिवण शाबूत. कुरडयांचा मात्र चुरा झाला होता. लेक म्हणाली, बरं झालं, भाजीच करायची होती. जावयांना पावती दाखवण्यात आली. ते बिचारे दोन दिवस मसाल्याच्या प्रत्येक आमटीची जरा जास्तच स्तुती करत होते.

डीजीसीएकडे माझं मागणं लहान आहे. भाडं कंपन्यांनी ठरवावं, पंधराचे वीस करू नका, खोबरंही नेऊ देऊ नका. फक्त बारदान वजा करायला लावा. तोवर विमानानं निघणाऱ्या जालनेकरांनी एवढं करावं. बॅग घरच्याच काट्यावर तोलावी, रिकामी एकदा आणि भरलेली एकदा. जादा किलो लागणारच असतील तर ते आधी ऑनलाइन घ्यावेत, काउंटरवर महाग पडतात. आणि जावयांनी तिकीट पाठवलं की आभार मानायच्या आधी त्यावर सामान किती आहे ते विचारून घ्यावं.