पट कमी, पाट्या फार

शाळेतल्या पोरांची अंडी राज्याच्या तिजोरीला एवढी जड जात होती, हे २८ जानेवारी २०२५ पर्यंत कुणाच्या ध्यानातच आले नव्हते. त्या दिवशीच्या शासन निर्णयाने ते उघड झाले. पोषण आहारातल्या अंड्यांसाठी दिले जाणारे सुमारे ५० कोटी रुपये थांबले आणि शाळांना कळवण्यात आले की, अंडी आणि साखर हवी असेल तर ती लोकसहभागातून मिळवा. लोकसहभाग म्हणजे गुरुजींनी पिशवी घेऊन वाडीत फिरायचे आणि कोंबड्या पाळणाऱ्या आजीबाईंपुढे राज्याची आर्थिक स्थिती मांडायची. आजीबाई दयाळू असतात. त्या राज्याला दोन अंडी देतात.

अंड्याच्या आधी शिपाई गेला होता. ११ डिसेंबर २०२० च्या निर्णयानुसार अनुदानित शाळांतली शिपायांची पदे, माणूस निवृत्त होईल तशी, मिटवायची ठरली. त्या जागी शाळेला भत्ता आला: मुंबई-पुण्यात महिना १० हजार, इतर महापालिकांत साडेसात हजार, खेड्यात ५ हजार. पाच हजारांत घंटा वाजवणारा, झाडलोट करणारा, टपाल नेणारा आणि रात्री राखण करणारा माणूस ज्या मुख्याध्यापकांना मिळाला असेल, त्यांना शाळेत ठेवणे हा राज्यावर अन्याय आहे. त्यांना अर्थमंत्री करावे.

शिपायानंतर शिक्षकाचा नंबर लागणारच होता. १५ मार्च २०२४ ला संचमान्यतेचे, म्हणजे पटानुसार शिक्षकांची पदे मंजूर करण्याचे, नवे निकष आले. सहावी ते आठवीच्या वर्गांत २० च्या आत मुले असतील तर मंजूर शिक्षक शून्य. शून्याचा शोध भारताने लावला हे आपण पोरांना शिकवतो. शून्याची शिक्षक म्हणून नेमणूक करण्याचा मान मात्र महाराष्ट्राचा.

ही सगळी चिंता आम्ही कुवेतमधल्या रुमैथियात बसून करतो, याचे कारण आमचे मामा. राजापूर तालुक्यातल्या एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेतून ते निवृत्त झाले आणि सध्या व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आहेत. मुख्याध्यापकाचे पद मिळायला पट दीडशेचा लागतो. मामांच्या शाळेचा पट कधी त्या आकड्याच्या वाटेला गेला नाही. त्यामुळे ते शेवटपर्यंत ‘मुख्याध्यापकाचा प्रभार असलेले उपशिक्षक’ राहिले. नोकरी सुटली, पण केंद्राचा व्हॉट्सॲप ग्रुप सुटला नाही. तिकडे साडेदहाला शाळा भरली की इकडे सकाळी आठ वाजता मामांचा फोन वाजू लागतो. ‘तात्काळ.’ ‘अत्यंत तात्काळ.’ ‘दुपारी १२ पर्यंत, विलंब झाल्यास जबाबदारी आपली राहील.’ मामा चहा टाकून चष्मा शोधतात. आम्ही म्हणतो, “मामा, तुम्ही निवृत्त झालात.” ते म्हणतात, “अरे, पण माहिती निवृत्त होते का?”

रुमैथिया हा हवल्ली प्रांतातला, साल्मिया आणि सल्वा यांच्या शेजारचा भाग. बंगले, मशिदी, सहकारी भांडार आणि सकाळी साल्मियाकडे पोरांना घेऊन निघालेल्या भारतीय शाळांच्या बसगाड्या. आमचे घरमालक शिक्षण खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या तळमजल्यावर दिवाणिया भरतो, म्हणजे संध्याकाळी पुरुष मंडळी भिंतीलगतच्या गाद्यांवर टेकून, कमरेत बारीक असलेल्या छोट्या काचेच्या पेल्यातून चहा पीत जगाचा कारभार चालवतात. आपल्याकडच्या पारावर आणि इथे फरक एवढाच, की इथे एसी आहे. १९६१ मध्ये दिनार येईपर्यंत कुवेतात रुपया चालायचा. त्या पिढीला हिंदी बऱ्यापैकी येते. तेव्हा मामांना दुभाष्या लागला नाही.

“उस्ताद, तुमच्या शाळेत मुदीर किती?” घरमालकांनी विचारले. मुदीर म्हणजे मुख्याध्यापक.

“एक. तो मीच.”

“नायब मुदीर?”

“मीच.”

“कारकून?”

“तोही मीच. शिपाई पण मीच. आमच्या प्राथमिक शाळेला शिपाई कधी नव्हताच, त्यामुळे कपातीचा त्रास झाला नाही.”

“मग शिकवायचे कोण?”

मामा जरा विचारात पडले. “वेळ उरला तर तेही मीच.”

दिवाणिया गंभीर झाला. इथल्या सरकारी शाळेत मुदीर असतो, त्याला सहायक असतात, प्रत्येक विषयाचा विभागप्रमुख असतो, त्या विभागप्रमुखाकडे बघायला वरून विषय-निरीक्षक येतो आणि त्या सगळ्यांकडे बघायला देशातली सहा शैक्षणिक क्षेत्र-कार्यालये असतात. घरमालक अशाच एका कार्यालयात आयुष्यभर होते. “आमच्याकडे एका शिक्क्याला तीन माणसे,” ते म्हणाले. “एक शिक्का सांभाळणारा, एक मारणारा आणि एक रजेवर.” सगळे हसले, पण शेवटी बसलेले एक गृहस्थ हसले नाहीत. ते रजेवर होते.

आता या देशालाही जमाखर्चाची काळजी लागली आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात खर्च सुमारे साडेचोवीस अब्ज दिनार आणि तूट सुमारे ६.३ अब्ज. खर्चाचा सिंहाचा वाटा पगार आणि अनुदाने यांचा. मे २०२४ मध्ये संसद विसर्जित झाल्यापासून त्यावरची चर्चा दिवाणियातच होते. याहून अधिक आम्ही या विषयावर बोलत नाही. आमचा इकामा, म्हणजे इथला निवास परवाना, नूतनीकरणाला गेला आहे.

पण जे छापून आले ते सांगायला हरकत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये शाळांतून बोटाच्या ठशाची हजेरी सुरू झाली आणि शिक्षक चिडले. आम्ही वर्गात असतो की नाही हे सांगायला समोर तीस पोरे बसलेली असतात, हा त्यांचा मुद्दा. पोरांपेक्षा यंत्राची साक्ष मोठी ठरली. मामांना यात नवल वाटले नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये महाराष्ट्रात ‘आपले गुरुजी’ म्हणून वर्गात शिक्षकांचे फोटो लावायचे फर्मान निघाले होते. पुढे जानेवारी २०२४ मध्ये मागासवर्ग आयोगाच्या सर्वेक्षणासाठी त्याच गुरुजींना घरोघर धाडण्यात आले. फोटो वर्गात, गुरुजी बाहेर. पोरांनी फोटोला नमस्ते करून पाढे म्हटले असणार.

काटकसरीची कात्री कुठे चालते, हेही दोन्हीकडे सारखेच. कुवेतच्या नागरी सेवा आयोगाने २०१७ मध्ये सरकारी नोकरीतल्या परदेशी माणसांच्या जागी पाच वर्षांत कुवेती माणसे आणायचे ठरवले. धोरण म्हणून ते गैर नाही. आपल्या देशात आपल्या पोरांना नोकरी मिळावी असे कुणाला वाटणार नाही? पण त्यात इजिप्तहून आलेला, वर्षानुवर्षे फळ्यापुढे उभा राहिलेला मास्तर आधी मोजला जातो, शिक्क्याजवळचा तिसरा माणूस मोजलाच जात नाही. २०२० मध्ये शाळा ऑनलाइन गेल्या तेव्हा इथल्या मंत्रालयाने खासगी शाळांना फी २५ टक्क्यांनी कमी करायला लावली. पालक खूश झाले. फी उतरल्यावर शाळेतल्या बाईंच्या पगाराचे काय झाले, हा प्रश्न पालकांच्या ग्रुपवर आला नाही. तिथे बसच्या फीवर चर्चा चालू होती.

महाराष्ट्रात कार्यालये तरी भरलेली आहेत का? तसेही नाही. पाट्या भरपूर आहेत: आयुक्तालय, प्राथमिक संचालनालय, माध्यमिक संचालनालय, योजना संचालनालय, संशोधन व प्रशिक्षण परिषद, प्राथमिक शिक्षण परिषद, परीक्षा परिषद, परीक्षा मंडळ. पाटीमागच्या खुर्चीत माणूस असेलच याची हमी नाही. तालुक्याला गटशिक्षणाधिकारी नसतो, म्हणून प्रभार विस्तार अधिकाऱ्याकडे. विस्तार अधिकाऱ्याचे काम केंद्रप्रमुखाकडे. केंद्रप्रमुखाची जागा रिकामी, म्हणून ती एखाद्या मुख्याध्यापकाकडे. मुख्याध्यापक तालुक्याला बैठकीला गेला, म्हणून शाळा उपशिक्षकाकडे. उपशिक्षक मतदारयाद्या घेऊन बाहेर, म्हणून वर्ग चौथीतल्या मॉनिटरकडे. या साऱ्या साखळीत पूर्णवेळ काम करणारा तो एकटा, आणि त्याच्या पदाला मान्यता नाही.

सरकारची बाजूही ऐकली पाहिजे. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या आकड्यांनुसार राज्यात २० च्या आत पट असलेल्या १४,७८३ शाळा, त्यांत १,८५,४६७ मुले आणि २९,७०७ शिक्षक. म्हणजे साधारण सहा पोरांना एक मास्तर. अशा शाळा एकत्र करून समूह शाळा कराव्यात, असे पत्र २१ सप्टेंबर २०२३ ला शिक्षण आयुक्तांनी काढले आणि तोरणमाळ व पानशेतचा दाखला दिला. मामांना यातले अर्धे पटते. “चार पोरांत लंगडी खेळता येते, खो-खो नाही,” ते म्हणतात. “पण पट काय मास्तरने खाल्ला? पोरांचे आईबाप मुंबईला गेले. त्यांना वाडीवर परत आणणारा जीआर काढा, पट आपोआप वाढेल. आणि ओढ्यापलीकडची जी दोन पोरे उरली आहेत, ती जुलै महिन्यात समूह शाळेत कशी जाणार, ते एकदा साहेबांनी चालून दाखवावे.”

घरमालकांनी इथे एक जुनी गोष्ट काढली. कुवेतातली पहिली रीतसर शाळा, मुबारकिया, १९११ मध्ये निघाली ती सरकारी पैशावर नव्हे, व्यापाऱ्यांच्या वर्गणीवर. त्या वर्गणीत मुंबईत मोत्यांचा व्यापार करणाऱ्या अल-इब्राहिम घराण्याचा मोठा हात होता आणि रक्कम अर्थातच रुपयांत होती. मामांनी लगेच कर्मवीर भाऊरावांची रयत शिक्षण संस्था, १९१९, आणि मूठमूठ धान्यावर चाललेली वसतिगृहे समोर ठेवली. दोघांचेही डोळे चमकले. तेव्हा लोकांनी वर्गणी काढली, कारण सरकार नव्हते किंवा परके होते. आता सरकार आहे, आपले आहे, शिक्षणासाठी हक्काचा कायदाही आहे. तरी वर्गणी आहेच. फक्त ती शाळा उभारायला नसून अंडा पुलावातल्या अंड्यासाठी आहे.

त्या रात्री दिवाणियाने एकमताने एक आराखडा मंजूर केला. शासनाने त्याचा विचार करावा.

कलम एक. शाळांची होते तशी कार्यालयांचीही दरवर्षी संचमान्यता व्हावी. पट ३० सप्टेंबरचा धरावा. वर्गात बसलेले पोर आधार जुळल्याशिवाय मोजत नाहीत, तसा साहेबही खुर्चीत सापडून आधार जुळल्याशिवाय मोजू नये. ज्या साहेबाने स्वतः धाडलेली २० पत्रे स्वतः वाचलेली नसतील, त्याच्या कार्यालयात मंजूर पदे शून्य.

कलम दोन. एकमेकांच्या हाकेच्या अंतरावरची कार्यालये एकत्र करून ‘समूह कार्यालय’ करावे. यासाठी कुणाला ओढा ओलांडावा लागणार नाही. बहुतेक पुण्यातच आहेत.

कलम तीन. साहेब निवृत्त झाला की पद मिटवून कार्यालयाला भत्ता द्यावा. शहरात १० हजार, खेड्यात ५ हजार. त्या रकमेत मिळेल तो साहेब ठेवावा.

कलम चार. १८ सप्टेंबर २०२३ ला शाळा दत्तक योजना आली आणि देणगीदाराचे नाव शाळेला जोडायची सोय झाली. मग कार्यालयांनीच काय पाप केले? एखाद्या संचालनालयाला लोणच्याच्या कंपनीचे नाव लागले तर मुरलेल्या फायलींना शोभूनही दिसेल.

कलम पाच. आढावा बैठकीतले काजू लोकसहभागातून.

आराखडा मराठीत लिहून झाला. घरमालकांनी त्यावर हौसेने शिक्का मारायची तयारी दाखवली. शिक्का त्यांनी निवृत्तीनंतरही जपून ठेवला आहे. आम्ही म्हटले, “मामा, आत्ताच मंत्रालयात ईमेल करतो.”

मामांनी हात धरला. “करू नकोस. पुढे काय होईल ते मी सांगतो. मंत्रालय हा कागद आयुक्तांना पाठवेल, ‘आवश्यक कार्यवाहीसाठी’. आयुक्त संचालकांना, ‘अभिप्रायासाठी’. संचालक शिक्षणाधिकाऱ्यांना, ‘वस्तुस्थितीदर्शक अहवालासाठी’. शिक्षणाधिकारी तालुक्याला, तालुका केंद्राला आणि केंद्र ग्रुपवर. शेवटी शाळेवर एकटी असलेली आमची बाई एक नवे प्रपत्र भरेल: वरिष्ठ कार्यालयांची एकूण संख्या, पैकी आवश्यक, पैकी अनावश्यक, शेरा.”

“मग ‘पैकी अनावश्यक’मध्ये ती काय लिहील?”

“निरंक,” मामा म्हणाले. “तिची बदली व्हायची आहे अजून.”