काही नही होत, भो!

धुळे ते जळगाव हा रस्ता बापूंनी तीस वर्षांत इतक्यांदा तुडवलाय की, त्यांच्या मते, गाडीला नुसती किल्ली दिली तरी ती फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल करत आपली आपण जळगावात पोचेल. सरकारनं या महामार्गाला 53 क्रमांक देऊन बरीच वर्षं झाली. बापूंचा तो अजून 'सहा नंबर'च. तसे बापू एकटे नाहीत. खान्देशात गल्लीगणिक एक बापू आहे. कुठे त्याला नाना म्हणतात, कुठे आप्पा. आभाळ भरून आलं, की ज्याला नेमकं परगावचं काम आठवतं तो बापू.

जूनच्या पावसाला बापू थोडाफार मान देतात. परतीच्याला मुळीच नाही. "जाता पाहुणा तो, काय करीन?" घोळ इथेच आहे. ऑक्टोबरच्या उन्हात रस्ता तापून कोरडाठाक पडलेला. त्यावर धूळ, ट्रकांनी गाळलेलं तेल, टायरांचं घासलेलं रबर. शिवाय कापसा-मक्याचे ट्रॅक्टर शेतातून थेट डांबरावर चढतात आणि चाकांची काळी माती तिथेच ठेवून पुढे जातात. वरून शिंतोडा आला, की झाला गारा. धो धो पाऊस हे सगळं धुऊन तरी नेतो. पहिल्या अर्ध्या तासाची भुरभुर मात्र रस्त्याला नुसता साबण लावून ठेवते.

अशाच भुरभुरीत मी बापूंच्या शेजारी बसलो होतो. वायपरचं रबर उन्हानं वाळून कडक झालेलं. काच पुसायच्या ऐवजी तो तिच्यावर रेघोट्या ओढत होता. मुकटीला बापूंनी गाडी कडेला घेतली, खिशातून तंबाखूची पुडी काढली आणि चांगली चिमूटभर तळव्यावर घेतली. मला वाटलं, आता चुना निघणार. बापूंनी उतरून अर्धी तंबाखू काचेवर चोळली, उरलेली दाढेखाली सरकवली. "पाय आता, पाणी थांबतच नही." काच खरंच साफ दिसू लागली, हे मला कबूल केलं पाहिजे.

मग त्यांनी चारही इंडिकेटर लावले. पावसात ते लावणं हा बापूंचा शिष्टाचार आहे. त्यामुळे गाडी उजवीकडे वळणार की डावीकडे, हे मागच्याला शेवटपर्यंत कळत नाही. बऱ्याचदा बापूंनाही.

"बापू, टायर पार गुळगुळीत झालेत हो."

"अरे भो, जितका सपाट, तितका रस्त्याला चिकटतो!"

टायरच्या खाचा शोभेच्या नसतात, चाकाखालचं पाणी बाहेर फेकायला असतात, 1.6 मिलिमीटरपेक्षा उथळ झाल्या, की कायद्यानंही टायर बाद. हे मी सांगून पाहिलं. बापूंच्या गाडीत नक्षी होती, नाही असं नाही. स्टेपनीवर.

एरंडोलच्या अलीकडे पुढे केळीचा ट्रक होता, आणि आम्ही त्याच्या इतके जवळ की केळी पिकलेली की कच्ची ते सांगता आलं असतं. ट्रकनं ब्रेक लावला. बापूंनीही लावला, चाकं थांबली, गाडी नाही थांबली. जळगावच्या श्रीरामाच्या रथाला चाकाखाली मोगरी सारून थांबवतात. ती कार्तिकी एकादशीची सोय. आमच्या चाकाखाली मोगरी सारायला कोण येणार? गाडीनं एक सावकाश गिरकी घेतली आणि बाभळीला टेकता टेकता राहिली. तोंड धुळ्याकडे.

बराच वेळ नुसता वायपर बोलत होता. मग बापूंनी खिसे चाचपले.

"काही नही होत, भो. चष्मा घरीच राह्यला. गाडी वळलीच आहे, तर घेऊन येऊ."

बापूंच्या गाडीची खूण सांगून ठेवतो : लख्ख ऊन पडलं तरी तिचे चारही इंडिकेटर लुकलुकत असतात. ती पुढे दिसली, तर नेहमी ठेवता त्याच्या दुप्पट अंतर ठेवा. मागून येताना दिसली, तर टपरीवर थांबून चहा घ्या.